पडद्याला हात लावू नये

साऱ्या नागपुरात, आणि माझ्या मते नागपूरच्या बाहेरही, निर्जंतुक हातमोजे वाया घालवण्यात आमच्या कन्हानवाल्या सरांचा हात धरणारा सर्जन झालेला नाही. एका ऑपरेशनला माणसाला हातमोज्यांची एक जोडी लागते, फार तर दोन. सरांना पाच लागत. कारण अगदी साधं होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडत नाहीत. बेंबीजवळ एक बारीक छिद्र पाडून आत कॅमेरा सोडतात, बाजूच्या दोन-तीन छिद्रांतून लांब दांड्यांची हत्यारं आत जातात, आणि सर्जन पोटाकडे न पाहता समोरच्या पडद्याकडे पाहून काम करतो. सरांनी मात्र एकतीस वर्षं पोट उघडून, आतल्या अवयवाला हात लावून ऑपरेशनं केली होती. पडद्यावर गर्भाशय हातभर मोठं दिसलं की त्यांना राहवत नसे. "हे पाहा, गाठ इथं बसली आहे," म्हणत ते सरळ पडद्यावर बोट टेकवत. पडदा काही निर्जंतुक नसतो. त्याला बोट लागलं की हातमोजे बाद. मग थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर, ज्यांचा आवाज लकडगंजच्या बाजारात लहानाचा मोठा झाला होता, तिथूनच ओरडत, "सर, हात!" आणि साठीला टेकलेले सर, शाळेत छडी खायला उभं राहावं तसे दोन्ही हात पुढे करून उभे राहत. सर आमच्याकडे हे शिकायला आले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात सिस्टरनी एक चिठ्ठी लिहून पडद्याखाली चिकटवली : 'पडद्याला हात लावू नये. हुकुमावरून.' सरांनी ती मन लावून वाचली. वाचताना प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवलं. "कोणासाठी लिहिलं वं सिस्टर हे?" असं त्यांनी विचारेपर्यंत नवी जोडी बाद झालेली होती.

आमची ओळख झाली तीही गैरसमजातूनच. स्त्रियांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या त्या एका वर्षाच्या फेलोशिपला दोनच जागा होत्या. मी पवनीची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एम.डी. झाले तरी मोठ्या इस्पितळाच्या काचेच्या दारातून आत शिरताना चप्पल बाहेर काढावी की काय असं मला अजून वाटायचं. मुलाखतीच्या दिवशी पांढऱ्या केसांचे, इस्त्रीचा सफारी घातलेले गृहस्थ आत आले. परीक्षक समजून मी उठून उभी राहिले आणि वाकून नमस्कारही केला. त्यांनी तो मोकळेपणाने घेतला, "सुखी राहा" म्हणाले, आणि मग हळूच विचारलं, "पोरी, फॉर्मची झेरॉक्स कुठं काढून देते वं इथं?" दुसरी जागा त्यांना मिळाली. आमच्या विभागप्रमुख मॅडम तरुणपणी त्यांच्या हाताखाली हाऊस ऑफिसर होत्या. त्यांच्या आयुष्यातला पहिला टाका त्यांना सरांनीच शिकवला होता. त्यामुळे थिएटरमध्ये शिकवणारी बाई विद्यार्थ्याला "सर" म्हणे आणि विद्यार्थी तिला "मॅडम". "सर, तुमचं चुकतंय." "हव मॅडम, चुकूनच राहिलं." हा संवाद दोन्ही बाजूंनी इतक्या आदराने चाले की नव्याने आलेल्या भूलतज्ज्ञाला रागावतंय कोण आणि रागावून घेतंय कोण हे कळत नसे.

या वयात हे शिकण्याची गरज काय, हे मी त्यांना महिनाभराने कॅन्टीनमध्ये विचारलं. सरांनी चहात बिस्कीट बुडवलं, ते पडलं, त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "माझी एक पेशंट आहे. विटाभट्टीवर विटा वाहते. तिची पिशवी काढली मी. टाके असे घातले होते वं, फोटो काढून ठेवावा असे. कागदावर लिहून दिलं, सहा आठवडे आराम. बाराव्या दिवशी डोक्यावर विटा. टाके उघडले. पुन्हा भरती, पुन्हा टाके, वाचली कशीबशी." मी म्हटलं, "सर, यात तुमची काय चूक?" ते म्हणाले, "चूक नाहीच. तो कागद घरी कोणी वाचलाच नाही. आता तिचं घर काही मले बदलता येत नाही. टाका बदलता येते." पोटावर वीतभर जखम करण्याऐवजी बोटाच्या पेराएवढी तीन छिद्रं केली, तर घराने आराम नाही दिला तरी पोट फाटणार नाही, एवढा त्यांचा हिशेब होता. "अन् हे कन्हानलेच झालं पाहिजे. नागपूरले यायचं म्हणजे बाईच्या सोबत दोन माणसं लागतात. ते कोण देते तिले?" यासाठी त्यांनी स्वतःच्या दवाखान्यातली ऑपरेशनं वर्षभर दुसऱ्या डॉक्टरांवर सोपवली होती. रोज सकाळी कन्हानहून कामठी मार्गे स्कूटरवर येत, डबा घेऊन, विद्यार्थ्यासारखे. वर्षाच्या शेवटी मॅडमनी 'स्वतंत्रपणे करू शकतात' असं लिहून दिलं, की कन्हानच्या थिएटरात दुर्बीण बसवायची. नाही जमलं, तर पुन्हा तीच सुरी आणि तोच सहा आठवड्यांचा कागद.

फेलोशिपचे पहिले महिने फक्त कॅमेरा धरायचा असतो. सर्जनच्या हातात हत्यारं, आपल्या हातात त्याचे डोळे. सर्जन जिथे काम करतो तिथेच चित्र स्थिर ठेवायचं, बस्स. सरांना नेमकं हेच जमत नसे. एखाद्याच्या घरी निरोप सांगायला जावं आणि आलोच आहोत तर शेजारच्या तिन्ही घरांत डोकावून यावं, तसा त्यांचा कॅमेरा पोटात फिरे. मॅडम गर्भाशयाजवळ रक्तवाहिनी पकडत असत आणि अचानक पडद्यावर यकृत येई. "सर, गर्भाशय कुठे गेलं?" "इथंच होतं मॅडम. पण लिव्हर पाहा ना, काय सुरेख आहे!" मग अपेंडिक्स पाहून घेत, पित्ताशयाची खुशाली विचारून घेत. एकतीस वर्षं त्यांनी बाईच्या पोटाचा फक्त तळमजला पाहिला होता. आता वरच्या मजल्याच्या किल्ल्या हाती आल्यावर ते थोडेच थांबणार? गाठींना ते 'पाहुणे' म्हणत. गाठ सुटायला लागली की आर्जवाने बोलत, "निघा आता पाहुणे. बरेच दिवस राहिले. लेकरू यायचं आहे, जागा करा." भूलतज्ज्ञ हसत, सिस्टर हसू दाबत, आणि मॅडम म्हणत, "सर, पाहुण्यांना पोचवा, पण कॅमेरा हलवू नका."

माझी अडचण वेगळी होती. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं, हात वर केला की टोक खाली. माझा मेंदू हे मानायला तयारच नव्हता. सरावाच्या खोक्यात मी तीन आठवडे एक रबरी कडी खुंटीत अडकवत होते आणि ती दर वेळी खुंटीच्या पलीकडे पडत होती. मनात येई, हे शहरातल्या, लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळलेल्या मुलांचं काम असावं. आपण पवनीला परत जावं, बाळंतपणं करावी. एकदा मी खोक्यापुढे डोळे पुसत असताना सर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, "काहून रडून राहिली वं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या मोहल्ल्यात हापशी होती काय?" होती. पाणी भरणं माझंच काम होतं. सहावीपासून बारावीपर्यंत, रोज सकाळी पाण्याचे दहा गुंड, म्हणजे घागरी. "दांडा खाली गेला की पाणी कुठं जाते?" मी म्हटलं, "वर." "मग? हे छिद्र म्हणजे हापशीचा खिळा. तू सात वर्षं हेच करून राहिली. त्या मॅडमनं कधी हापशी मारली नसंल, तिले कठीण गेलं असंल. तुले काहून जावं?" मी पुन्हा हत्यारं उचलली. खरं सांगते, कडी पहिल्या फटक्यात अडकली. पुस्तकात या प्रकाराला मोठं भारदस्त नाव आहे. मला ते आजही उच्चारताना हापशीचा किरकिर आवाज ऐकू येतो. ज्या गोष्टीची मला लाज वाटायची, ती माझी शिदोरी आहे हे मला त्या दिवशी कळलं. ते सांगणारा माणूस स्वतः मात्र कडी अडकवताना अजून चुकत होता.

पण सराव करण्यात सरांना तोड नव्हती. इस्पितळातलं खोकं संध्याकाळी बंद होतं म्हणून त्यांनी घरी स्वतःचं खोकं बनवलं, तेही जुन्या कुलरच्या डब्याचं. वर मोबाइल बांधला, बाजूला दोन भोकं पाडली, आणि आत सकाळच्या पोह्यांवरची तर्री, म्हणजे चण्यांचा तिखट रस्सा, ठेवली. लांब चिमट्याने तर्रीतला एकेक चणा उचलून वाटीत टाकायचा, असा त्यांचा रोजचा नाश्ता. त्यांच्या घरच्या काकू मला फोनवर सांगत, "अवं बाई, पोहे दगड झाले तरी यांचे चणे वेचून होत नाहीत. तुमच्या मॅडमले सांग, याईले पास करून टाक म्हणा!" मग टाक्यांचा सराव आला. त्यासाठी त्यांनी वांगी निवडली. काकूंनी मसाला भरून ठेवलेली वांगी सर कुलरच्या डब्यात नेत आणि आतल्या आत गाठी मारून शिवून काढत. एक दिवस त्यांनी आम्हा सगळ्यांसाठी डबा आणला. सिस्टरनी पहिला घास घेतला, तोंडातून हळूहळू जांभळा धागा बाहेर काढला, त्याची लांबी पाहिली आणि म्हणाल्या, "सर, हे काय?" सर मुळीच न लाजता म्हणाले, "खाऊन घ्या सिस्टर. विरघळणारा धागा आहे. पोटात गेला तरी चालते." मॅडमनी मात्र वांगं चमच्याने उलटंपालटं करून टाके तपासले. "अंतर सारखं आहे, सर. पण तिसरी गाठ सैल आहे," त्या म्हणाल्या, आणि ते वांगं खाल्लं.

ती तिसरी गाठच शेवटपर्यंत आडवी आली. दहाव्या महिन्यापर्यंत सर साध्या शस्त्रक्रिया नीट करू लागले होते, आणि माझा हात आतल्या टाक्यांवरही बसला होता. पण गर्भाशयातली गाठ काढल्यावर तिथला खड्डा आतल्या आत, थरांवर थर, भराभर शिवावा लागतो. तोवर रक्त वाहत असतं. सपाट पडद्यावर खोली दिसत नाही, ती अंदाजाने ओळखावी लागते. सर चष्म्याच्या वरच्या भागातून पाहत, खालच्या भागातून पाहत, मान होकारार्थी हलत राही, आणि सुई धाग्यापासून अर्ध्या बोटाच्या अंतरावरून निघून जाई. "माझे डोळे बोटांत आहेत वं," ते एकदा मला म्हणाले. "तिथं बोट पोचत नाही, तर मले दिसत नाही." पडद्याला हात का लागतो, हे मला तेव्हा समजलं. ते काही दाखवत नव्हते. ते पाहत होते.

अकराव्या महिन्यात सरांनी कन्हानहून एक पेशंट आणली. त्या विटाभट्टीवरच्या बाईचीच मुलगी. लग्नाला चार वर्षं झालेली, तीही भट्टीवरच. पोटात कवठाएवढी गाठ, मूल राहत नव्हतं. दोन ठिकाणी तिला पिशवीच काढून टाका म्हणून सांगितलं होतं. आई सोबत आली होती. तिने मॅडमना एवढंच सांगितलं, "डॉक्टर सायबाईनंच करावं. पण माझ्यासारखं नोको." हे ऑपरेशन सरांच्या परीक्षेचंही होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम समोर मदतीला उभ्या राहिल्या, मी कॅमेरा धरला, आणि सरांनी सुरुवात केली. गाठ त्यांनी फार सुंदर सोडवली. इतकी हळुवार की पाहुणे स्वतःच उठून निघाल्यासारखे वाटले. मग सुई हातात घेतली. पहिला टाका बसला. दुसरा बसला. तिसरी गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. पडद्याच्या तळाशी लाल डबकं हळूहळू वाढत होतं. भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता सर म्हणणार, सुरी द्या, उघडतो. एकतीस वर्षांची सवय होती, आणि बोटं आत पोचली असती तर पाच मिनिटांत त्यांनी ते शिवलं असतं. पण बाहेर बाकावर ती आई बसली होती.

सरांनी हत्यारं थांबवली. "पोरी, इकडं ये. सुई तू घे."

मॅडम म्हणाल्या, "सर, खात्री आहे?"

"हव. रक्त तिचं जाऊन राहिलं. माझी परीक्षा मग पाहू." आणि मला जागा करून देत त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा घेतला. कानाशी वाकून एवढंच म्हणाले, "हापशी. बाकी काही नाही."

मी शिवायला लागले. मॅडम शब्दाशब्दाने सांगत होत्या. आणि पडद्यावरचं चित्र हललं नाही. मला जिथे पाहायचं होतं, तिथे ते माझ्याआधी पोचत होतं. सुई मागे नेली की कॅमेरा तेवढाच मागे येई, गाठ मारताना तेवढाच जवळ. एकतीस वर्षं टाके घातलेल्या माणसाला पुढचा टाका कुठे पडणार हे माहीत होतं. ते आता माझ्या आधी पाहत होते. यकृत तिथेच होतं, मान वळवण्याच्या अंतरावर. त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. शेवटची गाठ बसली, डबकं शोषून घेतलं, पुन्हा रक्त आलं नाही. तेव्हा सरांनी दुसरा हात उचलला आणि पडद्यावर, त्या शिवलेल्या गर्भाशयावर, अलगद बोटं टेकवली. आम्ही सगळे सिस्टरच्या ओरडण्याची वाट पाहत राहिलो. सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त नव्या हातमोज्यांचं पाकीट उघडलं.

सोळाव्या दिवशी सरांनी मला स्कूटरवर मागे बसवून कन्हानला नेलं. ती मुलगी तपासणीला येणार होती. आली ती केसांत विटांची लाल भुकटी घेऊन. सरांनी विचारलं, "कधीपासून जाऊन राहिली भट्टीवर?" तिने खाली पाहत सांगितलं, "बाराव्या दिवसापासून." सर असे भडकले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. तिला बोलले, आईला बोलले, नवऱ्याला बोलावून बोलले, सासूला फोन लावून बोलले. मग तिला टेबलावर झोपायला सांगितलं आणि पदर बाजूला केला. तीन बारीक रेषा, कोरड्या, बंद. सर बराच वेळ पाहत राहिले. आई दाराशी उभी होती. तिने नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला होता. "टाक्यांनी धरलं वं," सर म्हणाले. मला म्हणाले की त्या आईला, ते मला कळलं नाही.

वर्ष संपलं. सरांना प्रमाणपत्र मिळालं. साध्या शस्त्रक्रियांपुढे मॅडमनी 'स्वतंत्रपणे' असं लिहिलं आणि गाठींच्या रकान्यात 'सहाय्यक'. ते पान सरांनी सगळ्यांना दाखवलं. "पाहा, एकतीस वर्षांनी बढती मिळाली!" मला वाटलं, हसण्याखाली काही लपवत असतील. निरोपाच्या दिवशी मी भीतभीत म्हटलं, "सर, कन्हानला दुर्बीण बसवायची होती ना?" ते म्हणाले, "बसवून राहिलो ना. माझ्या दवाखान्यात हे ऑपरेशन झालं पाहिजे, असं म्हटलं होतं मी. मीच केलं पाहिजे, असं कधी म्हटलं? गुरुवारी मोकळी असते काय तू?"

आता दर गुरुवारी मी नागपुरातल्या प्रताप नगरच्या खोलीतून निघून कन्हानला जाते. दवाखान्याच्या पाटीवर सरांनी त्यांच्या नावाखाली, त्यांच्याच अक्षराएवढ्या अक्षरात माझं नाव लिहून घेतलं आहे. बाबा एकदा पवनीहून आले, ती पाटी रुमालाने पुसली आणि ती आधीच स्वच्छ आहे हे पाहून उगाच खोकले. थिएटरमध्ये मी हत्यारं धरते आणि सर कॅमेरा. सिस्टरनी ती जुनी चिठ्ठी त्यांना निरोपाची भेट म्हणून दिली होती. ती इथल्या पडद्याखाली डकवली आहे. तिचा काही उपयोग नाही. गाठ निघाली, शेवटचा टाका बसला की सरांचा हात अजूनही उचलला जातो. कॅमेरा धरताना अलीकडे त्यांचं मनगट थोडं दुखतं. ते सांगत नाहीत, पण दोन ऑपरेशनांच्या मध्ये ते चोळताना मी पाहिलं आहे. ओरडायचं काम आता माझ्याकडे आहे. "सर, हात!" मी म्हणते, आणि ते दोन्ही हात पुढे करून उभे राहतात. गेल्या काही महिन्यांपासून मी जरा उशिराच ओरडते.